डावरेकाकांच्या टाकीवरचे दोन टोले

डावरेकाकांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवताना एकच सूचना दिली होती. “कुंड्यांसाठी दोन पिंपं भरून ठेवली आहेत, त्यातलं पाणी घाल. टाकीच्या नळाला हात लावू नकोस.”

मी हात लावला.

लावला तोही वाईट हेतूनं नव्हे. माझ्या हातून झालेली सगळी मोठी नुकसानं चांगल्या हेतूनंच झालेली आहेत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंड्या उरकून निघताना मला दिसलं, की टाकीच्या नळाला, नळी जोडली होती तिथे, एक थेंब लटकलाय. पडत नव्हता, नुसता लटकला होता. एवढं पाणी तरी कशाला वाया घालवा, म्हणून मी नळ उजवीकडे चांगला जोर लावून आवळला. नळाला जोडलेली रबरी नळी भिंतीच्या बुडातल्या भोकातून मागच्या बोळातल्या गटारात गेलेली होती, त्यामुळे मला काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. थेंब मात्र गेला. मी समाधानानं घरी येऊन जेवलो.

जगात सगळीकडे नळ उजवीकडे फिरवला की बंद होतो. डावरेकाकांच्या घरात तो डावीकडे फिरवला की बंद होतो. हे मला माहीत होतं. सतरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर माहीत असणारच. पण डोक्याला माहीत असणं आणि हाताला माहीत असणं यांत सहा हजार लिटरचा फरक असतो, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

सकाळी परसात गेलो आणि सवयीनं टाकीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. भरलेली टाकी अशा वेळी नुसतं ‘हं’ म्हणते, बोलायची इच्छा नसलेल्या माणसासारखी. त्या दिवशी आतून आवाज लांबपर्यंत फिरून परत आला. मी पुन्हा वाजवलं नाही. वाजवण्यापूर्वीच आत कोणीतरी कान देऊन बसलं होतं असं मला सकाळच्या उन्हात उगीच वाटलं.

काकांचं आडनाव डावरे नव्हे. ते डावखुरे आहेत, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव दिलं आणि पुढे पोस्टमननंही ते मान्य केलं. पन्नास वर्षं त्यांनी पत्र्याचं काम केलं. पन्हळी, धुराडी, पिंपं, दुकानांच्या पाट्या. कारागिराला जगानं उजव्या हाताची हत्यारं दिली, तेव्हा काकांनी जगावर सूड उगवावा तसं स्वतःच्या घरातलं जे जे फिरतं ते उलटं फिरवून ठेवलं. कड्या उलट्या, कुलपं उलटी, नळांचे आटेही मुद्दाम उलटे पाडून घेतलेले. “चोर आला तर बिचारा सकाळपर्यंत कुलूप लावतच बसेल,” असं काकू म्हणायच्या.

काकूंना जाऊन चार वर्षं झाली.

छपराच्या कडेनं पन्हळ, पन्हळीतून पत्र्याचा एक जाड पाइप, आणि तो पाइप स्वयंपाकघराच्या भिंतीला धरून परसातल्या टाकीत उतरलेला, अशी सगळी मांडणी काकांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी स्वतःच्या हातानं केली. वर, छपरापाशी, पाइपाच्या तोंडाला एक झडप आहे. चार-आठ दिवसांच्या कोरड्यानंतर पाऊस आला की छपरावरची धूळ, पालापाचोळा आणि कबुतरांची सर्व कामगिरी घेऊन पहिलं पाणी खाली येतं. ते टाकीत घ्यायचं नसतं. झडप बाहेरच्या बाजूला वळवून ते दुसऱ्या बारीक नळीनं परसात सोडून द्यायचं, आणि स्वच्छ पाणी सुरू झालं की झडप टाकीकडे वळवायची. आता पाणी स्वच्छ झालं हे वर उभ्या असलेल्या माणसाला कसं कळणार? म्हणून काकू खाली स्टुलावर, बारीक नळीच्या तोंडाशी स्टीलचं वाडगं धरून बसायच्या. पाणी आधी काळं यायचं, मग चहासारखं, मग पिवळट. वाडग्याच्या तळाला एक पोचा होता. तो पोचा स्पष्ट दिसला की पाणी चांगलं.

पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असताना हाका मारून उपयोग नसतो. म्हणून काकू पितळी पळीनं पाइपावर टोले मारायच्या. दोन टोले म्हणजे झडप फिरवा. तीन टोले म्हणजे टाकी भरली, आता खाली या. पस्तीस वर्षं त्या नवरा-बायकोचं पावसातलं सगळं बोलणं या दोन आकड्यांत भागलं. आमच्या घरी पूर्ण वाक्यं वापरून जे काही होतं ते पाहता, आम्हीही एक पळी घ्यावी असं मला अनेकदा वाटलं आहे.

काकूंची एक लकब होती. दोन टोल्यांच्या मधे त्या थांबायच्या. पहिला मारायच्या, पुन्हा एकदा वाडग्यात बघायच्या, खात्री पटली की दुसरा. तेवढ्यात काका वर भिजून चिंब. “एवढा विचार हिनं मला होकार देताना केला नाही,” असं ते आमच्या भिंतीवरून मला सांगायचे, आणि काकू आतून म्हणायच्या, “तेव्हा तळ दिसत नव्हता.”

या टाकीबद्दल गल्लीत दोन पक्ष आहेत. कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला म्हणतो, या पाण्यात साबण निम्मा लागतो आणि पांढरं कापड पांढरं राहतं. माझी बायको केस धुवायला तिथूनच बादली आणते. काकांच्या किटलीत क्षाराचा पापुद्रा नाही, आमच्या किटलीत तो इतका जाड आहे की एक दिवस किटली न घेता नुसता पापुद्राच चुलीवर ठेवता येईल. पालिकेची मोठी वाहिनी फुटली तेव्हा पाच दिवस सगळी गल्ली काकांच्या फाटकाशी उभी होती, टाकीला नावं ठेवणारेही बादलीसकट.

विरोधी पक्षात मुख्यतः काकांची मुलगी. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ती नवऱ्यासोबत तीन तासांवरच्या शहरात राहते, तिथे हाडांच्या दवाखान्यात नर्स आहे, आणि तिच्या वॉर्डात येणारे निम्मे लोक कशावरून ना कशावरून पडलेले असतात. तिचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे. भिंतीला ओल धरते. (ती आमच्याही भिंतीला धरते, माझ्या पुस्तकांच्या खालच्या रांगेला बुरशीची पांढरी लव आहे, पण ती पुस्तकं मी लिहिलेली असल्यामुळे कुणी तक्रार केलेली नाही.) झाकण जरा उघडं राहिलं की डास. एकदा पाल सापडली होती. पिण्याआधी गाळा, उकळा. पाऊस लांबला की पाणी पुरवून वापरा. पन्हळ महिन्यातून एकदा हात घालून साफ करा. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे त्र्याहत्तर वर्षांच्या माणसानं ओल्या शिडीवरून छपरावर चढायचं, ते एका झडपेसाठी.

“झडप खाली आणा ना बाबा,” ती दर वेळी म्हणायची. “नाहीतर दोरी बांधा. खालून ओढायची.”

“बघू,” काका म्हणायचे. पत्र्याच्या कामात ज्यांना अशक्य काही नव्हतं त्यांनी ही एक दोरी चार वर्षांत बांधली नाही.

शेवटी गेल्या महिन्यात फाटकाशी दोघांचं जोरात झालं. मी मधे पडायला गेलो होतो, म्हणून साक्षीदार झालो. “तुम्ही माझ्याकडे राहायला येणार की नाही, एवढंच सांगा,” ताई म्हणाली. काका म्हणाले, “ज्या दिवशी ही टाकी कोरडी पडेल त्या दिवशी येईन.” टाकी काही कोरडी पडत नाही, ही त्यांची खात्री होती. पण ताईनं ते वाक्य धरून ठेवलं. तिनं खोली रंगवून घेतली, आणि खोली तरी बघून जा म्हणून चार दिवसांसाठी काकांना नेलं. त्या चार दिवसांत मी टाकी कोरडी पाडली.

आता मी काय केलं तेही सांगून टाकतो. आमच्या घरी पालिकेचं पाणी सकाळी दोन तास येतं. मी टाकीचा नळ डावीकडे आवळला, आमच्या नळाला नळी जोडली, भिंतीवरून पलीकडे टाकली आणि टाकी भरायला घेतली.

बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. “काकांना कळणार नाही असं वाटतंय तुम्हाला?”

“पाण्याला काय शिक्का असतो?”

“वास असतो औषधाचा. काकांचं नाक काही तुमच्यासारखं शोभेचं नाही.”

पाव टाकी भरली आणि पाणी गेलं. त्याच संध्याकाळी काका आले. पिशवी खाली ठेवायच्या आधी ते परसात गेले, टाकीवर पेरानं वाजवलं आणि तसेच उभे राहिले. मग डाव्या हातानं नळाची नळी काढली, पेलाभर पाणी घेतलं, नाकाशी नेलं.

“हे कुणाचं?”

“पालिकेचं,” मी म्हणालो. मग सगळंच सांगितलं. थेंबसुद्धा सांगितला.

“पूर्ण रिकामी झाली?”

“पूर्ण.”

ते काकूंच्या स्टुलावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त नळ डावीकडून उजवीकडे फिरवला आणि माझं पाव टाकी पाणी परसात सोडून दिलं. ते संपेपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो.

“ताईला फोन करायला हवा,” ते म्हणाले.

“कशाला? टाकी तुमच्यामुळे थोडीच रिकामी झाली?”

“कोरडी पडली तर येईन असं बोललो. कुणी पाडली तर, असं काही बोललो नव्हतो.”

“ताईला कुठे कळतंय काका?”

“तिला नाही कळणार.” ते पाइपाकडे बघत होते. “बस जरा.”

आणि मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. काकू गेल्यावर सहा आठवडे पाऊस नव्हता. मग एका दुपारी आला. काका सवयीनं शिडी चढून वर गेले, झडपेवर हात ठेवला आणि टोल्यांची वाट बघत उभे राहिले. किती वेळ गेला त्यांना माहीत नाही. पाणी वाहून चाललं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं, की खाली कुणी नाही. “म्हटलं, जाऊ दे सगळं पाणी. आता कुणासाठी भरायचं. उतरायला वळलो, आणि वाजलं.”

“काय?”

“एक टोला. मग थांबलं. मग दुसरा.”

त्यांनी झडप फिरवली. खाली आले तेव्हा स्वयंपाकघर रिकामं होतं आणि पळी खिळ्याला लटकत होती. त्यानंतर चार वर्षं, प्रत्येक कोरड्यानंतरच्या पावसात, पाणी स्वच्छ झालं की दोन टोले येतात.

मला अशा वेळी गप्प बसता येत नाही. मी म्हणालो, “काका, उन्हानं तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं की तो आकसतो. वाजतो.”

“पन्नास वर्षं पत्रा ठोकलाय मी. मला पत्र्याचा आवाज शिकव आता तू.” ते उठले. “पत्रा आकसला की तडतडतो. मधे थांबून वाडग्यात बघत नाही.”

फाटकापर्यंत गेल्यावर मी विचारलं, “आणि तीन टोले? ते कधी आले?”

“नाही. टाकी काठोकाठ भरलीच नाही तेव्हापासून.”

घरी आल्यावर मी त्या वाक्याचा विचार करत बसलो. चार वर्षांत पाऊस काही कमी झाला नव्हता. मग मला आठवलं, की टाकी भरायला चार बोटं उरली की काकांना दानशूरपणाचा झटका येतो. लाँड्रीवाल्याला हाक मारतात, माझ्या बायकोला म्हणतात गोधड्या धुवायच्या असतील तर धू, रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला गाडी धुतोस का विचारतात. गल्ली त्यांच्या उदारपणाचं कौतुक करते. मीही केलं होतं. आता मात्र ती चार बोटं माझ्या डोळ्यांपुढून जाईनात. टाकीत चार बोटांची जागा रिकामी ठेवून एक माणूस चार वर्षं तिसऱ्या टोल्याला, ‘आता खाली या’ म्हणणाऱ्या टोल्याला, दाराबाहेर थांबवून बसला होता. त्याला छपरावर जाऊन दोन तेवढे ऐकायचे होते. म्हणून तर झडपेला दोरी नव्हती. आणि आता मी त्याला तिथून उठवून ताईच्या ताज्या रंगवलेल्या खोलीत पाठवणार होतो, जिथे छत सिमेंटचं आहे आणि पाऊस आलेला खिडकीतून बघावा लागतो.

रविवारी ताई गाडी घेऊन आली. काकांनी फोनवर सगळं सरळ सांगितलं होतं. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, उलट आभार मानल्यासारखं बघितलं, आणि त्या नजरेनं मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती कपडे भरत होती. काकांनी स्वतःसाठी फक्त पत्रा कापायची डावरी कात्री काढून ठेवली होती.

“तिथे काय कापणार तुम्ही?” ताई म्हणाली.

“तुझा नवरा तावडीत सापडला तर त्याला.”

“बाबा.”

“बरं, ठेवतो.” पण ठेवली नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला अंधारून आलं. नऊ दिवसांची कोरड होती. पहिले टपोरे थेंब छपरावर वाजले आणि कात्री टेबलावर ठेवून काका परसात गेले. ताई मागे धावली. “बाबा, शिडीवर चढायचं नाही. आपण चाललोय आता. कुणासाठी भरताय?” काका चढत होते. त्यांनी वरून मला सांगितलं, “तू वाडगं धर. फक्त बघ. वाजवायचं नाही.”

मी स्टुलावर बसलो. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी, दोन्ही हातांत काकांचा एक स्वेटर अर्धवट घडी घातलेला. तिच्या मागे खिळ्यावर पळी. पाऊस इतका जोरात आला, की ताईचे ओठ हलताना दिसत होते पण शब्द येत नव्हता.

बारीक नळीतून काळं पाणी आलं. ते ओतून मी वाडगं पुन्हा धरलं. चहासारखं. पुन्हा ओतलं. पिवळट. मी आयुष्यात कशाकडे इतकं लक्ष देऊन पाहिलं नसेल. वाडग्याच्या तळाशी काहीतरी सावलीसारखं हललं, मग स्थिर झालं, आणि पोचा दिसला.

पाइपावर एक टोला पडला.

माझ्या डोक्याच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर. मी वर बघितलं नाही. का कोण जाणे, मी पुन्हा वाडग्यातच बघितलं, आणि माझ्याबरोबर आणखी कुणीतरी वाकून बघतंय, अशी मला खात्री वाटली. ऊब लागावी इतकी जवळून.

मग दुसरा टोला पडला.

वर झडप खडकन् फिरली. बारीक नळी थांबली, आणि रिकाम्या टाकीत पाण्याची धार पडायला लागली. रिकाम्या टाकीत पडणारं पाणी फार मोठ्यानं बोलतं.

ताई पावसात उतरून माझ्यापाशी आली. कानाशी येऊन विचारलं, “तुम्ही वाजवलंत?”

मी दोन्ही हातांतलं वाडगं दाखवलं. “तू?”

तिनं दोन्ही हातांतला स्वेटर दाखवला. मागे पळी खिळ्याला होती, कोरडी.

“मधे थांबलं होतं,” ती म्हणाली.

मग तिनं स्वेटर माझ्या मांडीवर टाकला आणि पाइपावर तळहात टेकवून उभी राहिली. बराच वेळ. तापलेला माणूस आहे का बघायला कपाळावर हात ठेवतात तशी. तिचा चेहरा पावसानं भिजला होता, त्यामुळे त्याबद्दल मी काही लिहू शकत नाही.

काका खाली उतरले तेव्हा ती म्हणाली, “शिडीला खालून रबर बसवून घ्या. आणि वर धरायला एक दांडा.”

“आणि खोली?”

“राहू दे तशीच. आपला करार टाकी आटण्याचा होता. शेजाऱ्याचा नव्हता.”

“म्हणजे शेजाऱ्यानं केलेलं धरायचं नाही?”

“यांनी केलेलं कुठे धरता येतं बाबा?” ती म्हणाली, आणि कपडे पिशवीतून परत काढायला लागली. मी पहिल्यांदाच माझ्या अपमानावर इतका खूश झालो. जाताना ती एक बाटली भरून घेऊन गेली. न गाळता, न उकळता. नर्स असून.

पुढचे दहा दिवस पाऊस येत-जात राहिला. टाकी चढत गेली. परवा संध्याकाळी आमच्या भिंतीवरून आवाज आला, गोधड्या धुवायच्या असतील तर धू म्हणावं तिला. मी परसात गेलो. काका झाकण सारून आत बघत होते. चार बोटं उरली होती. आकाश अजून भरलेलं होतं.

“काका,” मी म्हणालो, “एखाद्या दिवशी गल्लीत कुणाकडे गोधडी उरणार नाही.”

त्यांनी झाकण लावलं. नळाला खालून बोट लावून बघितलं. एक थेंब होता.

“आणि तीन टोले आलेच तर?” मी विचारलं.

“तेव्हा तू नळाला हात लावू नकोस.”